एका राखाडी डब्याची प्रमाणित नक्कल

"मी वेगळी राहायचं म्हणतेय," मुलगी म्हणाली, आणि बशीतल्या बिस्किटाकडे बघत पुढे म्हणाली, "म्हणजे, इथे घरात रेकॉर्डिंग नीट होत नाही ना."

या दोन वाक्यांपैकी पहिलं खरं होतं आणि दुसरं सभ्यपणाचं. तिच्या आईला हे तिथल्या तिथे कळलं. तिने कप खाली ठेवला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं; समोरच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप होता. शेजारच्या डेंटिस्टला भिंतीपलीकडून कळलं. वडिलांना मात्र कळलं नाही, कारण त्यांना प्रत्येक शब्द कळला.

वडील वजनमापे खात्यात तपासनीस होते. दुकानात जायचं, तिथलं वजन प्रमाण वजनाशी ताडून बघायचं, जुळलं तर शिक्का मारायचा, नाही जुळलं तर जप्त करायचं. कचेरीतलं प्रमाण वजन मखमलीच्या पेटीत असे आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याला कुणी शिवत नसे. आयुष्य यात गेल्यावर माणसाची एक श्रद्धा तयार होते. तपासनीसांची अशी झाली होती की जगात प्रत्येक वस्तूचं एक मूळ असतं, बाकीच्या सगळ्या त्याच्या नकला असतात, आणि नक्कल नीट केली तर तिने मुळापुढे मान खाली घालायचं काही कारण नाही. लोक त्यांना नावाने कमी आणि हुद्द्याने जास्त ओळखत. बायकोसुद्धा शाळेतल्या मैत्रिणींजवळ "आमचे तपासनीस" असंच म्हणे. आपणही तेच म्हणू.

"नीट होत नाही म्हणजे नेमकं काय होतं?" तपासनीसांनी विचारलं.

मुलगी आपल्याच सभ्यपणात अडकली. ती जाहिरातींना आवाज द्यायची, एका कार्टूनमधल्या खारीचं बोलणं करायची, आणि उरलेल्या वेळात स्वतःची गाणी रचायची. या गाण्यांबद्दल ती घरात फारसं बोलत नसे. खारीबद्दल बोले.

"पातळ येतो आवाज," ती म्हणाली. "तिकडे स्टुडिओत मिक्सिंगचं एक जुनं टेबल आहे. त्यात राखाडी डबे बसवलेत. त्यांतून आवाज गेला की भरीव होतो."

"भरीव म्हणजे किती?"

"भरीव म्हणजे भरीव, बाबा. किती काय त्यात."

"आणि असे डबे आपल्याकडे असले तर?"

"मिळत नाहीत ते. कधीच बनायचे बंद झाले. लोक घरी बसून त्यांच्या नकला करतात, पण ते—"

'पण ते'च्या पुढचं तपासनीसांनी ऐकलं नाही. 'नक्कल' म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते बढतीच्या पत्रानेही आलं नव्हतं.

"मी करतो," ते म्हणाले.

मुलगी हसली. हसण्यात जरा सुटकाही होती, कारण विषय तिच्यावरून डब्यावर गेला होता. "बरं," ती म्हणाली. "खोली बघून ठेवलीय, पण घरमालकीणबाई थांबायला तयार आहेत. तुमचे डबे होईपर्यंत मी कुठे जात नाही."

तपासनीसांनी याचा अर्थ असा घेतला की डबे झाले की मुलगी राहणार. आईने असा घेतला की डबे झाले की मुलगी जाणार. दोघांनी आपापला अर्थ मनात ठेवला आणि चहा संपवला.

*

डबा म्हणजे काय, हे एकदाच सांगतो, मग कुणी विचारू नये.

मायक्रोफोनमधून जो आवाज निघतो तो फार अशक्त असतो. नवा कारकून साहेबांसमोर बोलावा, तसा. पहिला डबा, ज्याला प्रीअँप म्हणतात, तो त्याला धीर देतो. दुसरा डबा, इक्वलायझर, तो त्याला वळण लावतो. खालचा घोगरेपणा थोडा कमी कर, वरची धार थोडी वाढव, मधे कुठे नाकात बोलत असेल तर ते दाब. एवढंच. पण फार वर्षांपूर्वी काही लोकांनी हे काम इतकं चांगलं केलं, की आजही जगभर माणसं आपल्या स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, पोटमाळ्यावर बसून त्या डब्यांच्या हुबेहूब नकला बनवतात आणि इंटरनेटवर एकमेकांच्या नकलांना नावं ठेवतात.

तपासनीस त्या मंडळींत सामील झाले. पहिल्याच दिवशी 'जुना ट्रान्झिस्टर' या टोपणनावाच्या कुणी त्यांना विचारलं, तुम्ही नक्कल कशाची करताय? डबा नवा होता तेव्हाच्या आवाजाची, की म्हातारा झाल्यावरच्या? कारण आतले भाग इतक्या वर्षांत झिजतात, वाळतात, आणि आज ज्याला आपण तो सुंदर जुना आवाज म्हणतो तो अर्धा तर म्हातारपणाचा आहे.

या प्रश्नाने तपासनीस हबकले. त्यांच्या खात्यात किलो म्हातारा होत नसे. झाला तर तो किलो राहत नसे. ते विचारात पडून दोन वेळा जेवले आणि शेवटी निर्णयाला आले, की आपण साध्या माणसांनी असल्या खोलात शिरू नये. जे आहे ते जसंच्या तसं करावं. त्यांनी स्टुडिओवाल्याची परवानगी काढली, हातमोजे घालून, भिंग घेऊन तिथे गेले, एक डबा त्याच्याकडून उघडून घेतला आणि त्याच्या आतल्या बाजूचे सर्व अंगांनी फोटो काढले. स्टुडिओवाला दारात उभा राहून हा प्रकार बघत होता. निघताना त्याने सोबत आलेल्या मुलीला हळूच विचारलं, "तुझ्या वडिलांना माझ्यावर काही केस करायचीय का?"

*

सुट्या भागांपैकी बहुतेक सुखरूप आले. घोड्याने पेंड खाल्ली ती ट्रान्सफॉर्मरपाशी. हे परदेशातून यायचे होते आणि आलेही, पण पार्सल कचेरीत अडकले. तपासनीस स्वतः गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी खोकं उघडून एक डबी हातात घेतली, हलवून पाहिली.

"काय आहे यात?"

"ट्रान्सफॉर्मर."

"खांबावरचे असतात ते?"

"नाही हो. लहान. आवाजाचे."

"आवाज करतात?"

"करत नाहीत. आवाज त्यांतून जातो."

"म्हणजे पोकळ आहेत."

"पोकळ कसे असतील? आत तार आहे."

"मग आवाज जातो कुठून?"

तपासनीसांना उत्तर येत नव्हतं असं नाही, पण मागे रांग होती. गृहस्थांनी समजूतदारपणे मान हलवली. "हे बघा, बंद आहे, उघडत नाही, जड आहे आणि कशाला लागतं ते सांगता येत नाही. याला आमच्याकडे 'इतर' म्हणतात. 'इतर'चं फक्त वजन करायचं आणि सोडून द्यायचं. बसा, आत्ता देतो."

आणि त्यांनी खोकं काट्यावर ठेवलं.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने काट्याच्या वरच्या बाजूला बघितलं असतं, म्हणजे आकड्याकडे. तपासनीसांची नजर सवयीने खालच्या बाजूला गेली, जिथे शिक्का असतो. शिक्क्याची मुदत टळून गेली होती.

त्यांनी डोळे मिटले. उघडले. शिक्का तसाच होता. एका पारड्यात पोटची मुलगी होती, दुसऱ्यात खातं होतं, आणि अशा वेळी मोठमोठ्या माणसांचं काय होतं हे आपण ऐकून आहोत. तपासनीस मोठे नव्हते, पण पगार घेत होते.

"या काट्याची फेरतपासणी झालेली नाही," ते खोल आवाजात म्हणाले आणि त्यांनी ओळखपत्र काढलं.

गृहस्थांनी ओळखपत्र वाचलं. "मग?"

"मग यावर वजन करता येणार नाही."

"मग तुमचं पार्सल सोडता येणार नाही."

"ते नियमाला धरून आहे," तपासनीस म्हणाले, आणि काट्याला कागदी पट्टी चिकटवून त्यांनी सही केली. रांगेतल्या लोकांनी त्यांना जे काही म्हटलं ते इथे देत नाही. खिडकीतले गृहस्थ मात्र त्यांच्याकडे आदराने बघत होते. इतक्या वर्षांत इतक्या निर्मळपणे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"म्हणजे तुम्ही स्वतःचंच पार्सल जप्त करून आलात," बायको म्हणाली.

"पार्सल नाही. काटा."

"छान केलंत," ती म्हणाली. आणि आश्चर्य म्हणजे तिने ते मनापासून म्हटलं. त्या दिवशी ती कामं करताना गुणगुणतही होती.

काटा सोडवायचा तर फेरतपासणी करायला हवी. त्या भागाचे तपासनीस हेच. पण यात यांचा स्वार्थ गुंतलेला, म्हणून नियमाप्रमाणे यांनी ते काम सहकाऱ्याकडे द्यायला हवं. सहकारी सासऱ्यांच्या आजारपणामुळे रजेवर. सासरे चिवट निघाले. सासऱ्यांना उतार पडला, सहकारी आला, काटा तपासला, बरोबर निघाला, तेव्हा पार्सल सुटलं. इतके दिवस तो काटा एका केसाचाही फरक न करता तोलत आला होता, हे ऐकून तपासनीसांना त्याचा फार राग आला.

या सगळ्या काळात मुलगी घरी होती.

*

सोल्डरिंग म्हणजे गरम सळईने शिसं वितळवून भाग जोडणे. त्याची दीक्षा शेजारच्या डेंटिस्टने दिली. खरं तर त्याने आयुष्यात कधी सोल्डरिंग केलं नव्हतं, पण सल्ला द्यायला अनुभव लागतो असं ज्याने म्हटलं असेल त्याला शेजारी नसावेत.

"आमच्यासारखंच आहे हे," तो म्हणाला. "आधी स्वच्छ करायचं, मग कोरडं करायचं, मग गरम, मग भरायचं. हात हलता कामा नये. आणि पेशंटशी बोलत राहायचं."

"हा पेशंट बोलत नाही."

"सगळ्यात चांगले तेच."

त्याने आपला दिव्याचा चष्मा दिला. तो लावून तपासनीस जेवणाच्या टेबलावर बसत, म्हणून कुटुंब ओट्यापाशी उभं राहून जेवू लागलं. दोन पेशंटच्या मध्ये डेंटिस्ट हातमोज्यांसकट डोकवायचा. एकदा त्याच्या पाठोपाठ एक पेशंटही आला, तोंडात कापसाचे बोळे घेऊन. त्याने टेबलावर वाकून सगळं बारकाईने बघितलं, एका भागावर बोट ठेवलं आणि कळकळीने काहीतरी सांगितलं. कुणालाही अक्षर कळलं नाही. मग डबा पहिल्यांदा चालू केला तेव्हा नेमका तोच भाग फट् करून फुटला आणि त्याचं टोपण छताला लागून आईच्या तपासायच्या पेपरांत पडलं. तो भाग उलटा बसवला होता. डेंटिस्ट धावत आला, धूर बघून म्हणाला, "तो काढावाच लागणार होता."

(इथे वाचकाला सांगायला हवं की तपासनीसांच्या मनात एक गोष्ट होती आणि ती अशी: डबा चालू होतो. मुलगी त्यातून गाते. आवाज भरीव येतो. मुलगी कानावरचे हेडफोन काढते आणि म्हणते, "बाबा, आता कशाला जाऊ मी?" तिची आई डोळे पुसते. डेंटिस्ट भिंतीवर टकटक करून दाद देतो. सळई तापायला जो वेळ लागे, तेवढ्यात ही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत होऊन जायची. कधी कधी सळई तापून लाल व्हायची, तरी ती 'बाबा'पाशीच असायची.)

*

बायको भूमिती शिकवायची. तिने या उद्योगाकडे आधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण डबे आकाराला आले, पुढच्या पत्र्यावर बटणं बसली, तशी ती येऊन उभी राहू लागली.

"मधलं बटण रेषेत नाही," ती एकदा म्हणाली.

तपासनीसांनी पट्टी लावली. रेषेत होतं. "कुठे?"

"मला दिसतंय ना. भोक जरासं डावीकडे गेलंय. राहू दे म्हणा, चालतं तसं असलं तरी."

'चालतं' हा शब्द तपासनीसांना चालत नसे. त्यांनी पत्रा उतरवला, नवा कापून आणला. मग तिला रंग खटकला. "फोटोतला राखाडी जरा हिरव्याकडे झुकतो, नाही का?" रंग खरवडला, दुसरा लावला, तो वाळायला ठेवला. मग स्क्रू. मग स्क्रूच्या खाचा सगळ्या एकाच दिशेला हव्यात, असं ती म्हणाली, आणि हे तर तपासनीसांना इतकं पटलं की त्यांनी तिच्याकडे नव्याने बघितलं.

"हिला यातलं कळायला लागलंय आता," त्यांनी डेंटिस्टला अभिमानाने सांगितलं. डेंटिस्टने त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि ज्या माणसाचा धंदाच इतरांची तोंडं उघडण्याचा, त्याने स्वतःचं मिटून घेतलं.

मुलगी हे येताजाता बघायची. एकदा ती आईला म्हणाली, "आई, स्क्रूच्या खाचा?"

"हो," आई म्हणाली. "का? वाईट दिसतं का चांगलं करून घेतलेलं?"

"नाही. चांगलंच दिसतं," मुलगी म्हणाली आणि खोलीत गेली. तिने घरमालकीणबाईंना फोन करून आणखी मुदत मागितली.

*

डबे झाले. म्हणजे दिसायला झाले. चालू केल्यावर त्यांतून घुंऽऽ असा आवाज यायचा, एखादा भुंगा विचार करत असल्यासारखा. मुलगी गायली की तिच्या मागे भुंगा गायचा.

तपासनीसांनी भुंग्याचा शोध सुरू केला. फ्रीज बंद केला, भुंगा होता. दिवे, पंखे, डेंटिस्टची खुर्ची (पेशंटसकट, आडवी) बंद केली, भुंगा होता. सगळ्या घराचं बंद केलं, फक्त डब्यासाठी जिन्यातून वायर ओढली, भुंगा होता. तेव्हा दोष इमारतीचाच असणार असं ठरवून ते खाली गेले आणि त्यांनी मुख्य स्विच पाडला. धावत वर आले. कान लावला. शांतता होती.

"गेला," ते म्हणाले.

"डबाही बंद झालाय, अहो," बायको म्हणाली.

त्याच संध्याकाळी इमारतीच्या फलकावर ही सूचना लागली:

*सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इमारतीचा मुख्य स्विच हा संपूर्ण इमारतीचा आहे. काही सभासद शांतता ऐकण्यासाठी तो बंद करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. शांतता ऐकावयाची असल्यास आगाऊ लेखी अर्ज करावा. स्विच बंद करण्यापूर्वी लिफ्टमध्ये कोण आहे हे पाहावे. — चेअरमन (जे लिफ्टमध्ये होते)*

तपासनीसांना हे जिव्हारी लागलं. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना सूचना लावल्या, त्याच्यावर सूचना लागावी. चेअरमन जिन्यात भेटले तर तपासनीस आता घड्याळाकडे बघून पुढे जात. घड्याळ त्यांनी घातलेलं नसे.

ते हट्टाला पेटले. कचेरीतून आल्यावर हातपाय न धुता डब्यासमोर बसायचे, एकेक सांधा भिंगातून बघायचे, फोटोशी ताडायचे. सगळं जुळत होतं. एकूण एक गोष्ट मुळाबरहुकूम होती. हेच त्यांना समजेना. नक्कल बिनचूक आहे, मुळात भुंगा नाही, मग नकलेत कुठून आला?

एका संध्याकाळी ते असेच बसले होते. चष्म्याचा दिवा डब्यात पडला होता आणि चष्म्यामागचा चेहरा थकलेला दिसत होता. मुलगी बराच वेळ दाराला टेकून उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "ती तपकिरी तार काढा."

"कुठली? ही? मुळात आहे ही. फोटोत बघ."

"फोटोत आहे. मुळात नव्हती. स्टुडिओत कुणीतरी डब्यात चहा सांडला होता, तेव्हा आतला विजेचा एक रस्ता जळाला. म्हणून तात्पुरती ती तार टाकली, ती तशीच राहिली. स्टुडिओवाल्याने सांगितलं."

तपासनीसांनी तारेकडे पाहिलं. त्यांनी ती खास शोधून आणली होती, त्याच जाडीची, त्याच रंगाची. फोटोत दिसतो तसा तिला मधे बाकही दिला होता. दुसऱ्याच्या जखमेची पट्टी त्यांनी धडधाकट माणसाला बांधली होती.

"कधी सांगितलं त्याने?"

"झाले काही दिवस."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"विसरले."

तिला त्या खारीचे सगळे भाग तोंडपाठ होते. विसरण्यातली ती नव्हती. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

तपासनीसांनी सळई तापवली आणि तार काढली. भुंगा गेला. फ्रीज बंद पडला की तो इतका वेळ चालू होता हे कळतं, तशी शांतता झाली. या वेळी बायकोने कुठलाही स्क्रू वाकडा काढला नाही.

*

रविवारी दुपारी चाचणी झाली. मुलगी खोलीत गेली, दार लावून घेतलं. आई-वडील बाहेर राहिले. गाणं संपलं, दार उघडलं, आणि तिने वडिलांच्या डोक्यावर हेडफोन ठेवले.

आवाज भरीव होता. मुलीच्या आवाजात इतकं काही होतं हे तपासनीसांना इतक्या वर्षांत, त्याच घरात राहून, माहीत नव्हतं. खर्जात जराशी खरखर होती, ओळ संपताना एक लहानसा उसासा होता. त्यांनी मान वर केली. आता ती 'बाबा' म्हणणार होती.

"बाबा," ती म्हणाली, "मागचं ऐका. माझ्या मागे."

त्यांनी ऐकलं. तिच्या आवाजामागे दूरवर डेंटिस्टचं यंत्र होतं. पण जवळ, अगदी जवळ, कुणीतरी चमचा ताटलीत ठेवत होतं, वाजू नये म्हणून इतक्या हळू की ते ठेवणं संपतच नव्हतं. आणि दाराच्या फटीपाशी श्वास होता. रोखलेला, मग नाइलाजाने सोडलेला, पुन्हा रोखलेला.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"रोज असतो," मुलगी म्हणाली. "नुसत्या मायक्रोफोनमध्ये यायचा नाही, एवढंच. तुमच्या डब्याने पकडला."

"काढता येईल तो. इक्वलायझरने खालचं थोडं—"

"काढता येईल. पण तो तिथे आहे हे मला माहीत असतं ना, बाबा." ती पलंगाच्या कडेवर बसली. "मला नवीन गाणं सुचलं की आधी ते खूप वाईट गावं लागतं. खरोखर वाईट. पुष्कळदा. मग त्यातून कधीतरी काहीतरी निघतं. इथे मी वाईट गायले की आई भांडी हळू ठेवायला लागते. तुम्ही जिन्यातून वर आलात की किल्ली फिरवायच्या आधी थांबता. तुम्ही दोघं आवाज न करायची इतकी मेहनत घेता, की मला तीच ऐकू येते. मग मी चांगलं गाते. तुमच्यासाठी. आणि ते गाणं तिथेच मरतं."

तपासनीसांनी हेडफोन उतरवून मांडीवर ठेवले. "हे आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं की. इथे रेकॉर्डिंग नीट होत नाही म्हणून."

दारात आई उभी होती, हातात तो चमचा. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तुला त्रास नको."

"त्रास नाहीच गं आई. त्रास असता तर सोपं होतं."

तपासनीस डब्याकडे बघत होते. आयुष्यात त्यांनी केलेली ही सर्वांत नेमकी वस्तू होती आणि तिने तपासणीत पहिला दोष काढला तो त्यांच्यातच. शिक्का मारण्याजोगी वस्तू होती, यात वाद नाही. ते उठले आणि पुसायचं फडकं शोधायला लागले.

"कधी जातेस?" त्यांनी पाठमोरं विचारलं.

"हे घेऊन जाऊ?"

"मग काय तर. तुझ्यासाठीच केलंय. मी काय खार आहे?"

*

खोली चौथ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती. डबे तपासनीसांनी स्वतः नेले, वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. बसवले, तारा जोडल्या, चालू करून पाहिले. खाली सुतारकाम चाललं होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी मुलाला ओरडत होतं, रस्त्यावर एक गाडी न थांबता हॉर्न वाजवत होती. घरापेक्षा इथे कितीतरी गोंगाट होता. तपासनीसांनी हे बोलायला तोंड उघडलं, तर बायकोने मागून त्यांचा सदरा ओढला.

"तुम्हाला चहा करू?" मुलीने विचारलं.

"नको," आई म्हणाली. "तू काम कर. आम्ही निघतो."

ती दोघं जिना उतरली. तपासनीसांना प्रत्येक मजल्यावर काहीतरी आठवत होतं, प्लगचं, व्होल्टेजचं, ओल्या हाताने शिवू नको म्हणायचं राहिलं याचं. बायको नुसती "हं" म्हणत होती आणि उतरत होती.

खाली फुटपाथवर आले तेव्हा वरच्या खिडकीतून आवाज आला. मुलगी गायला लागली होती. दुसऱ्याच ओळीत तिचा आवाज फाटला. ती थांबली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच घसरली, आणि यावेळी थांबलीच नाही. बेसूरच, मोठ्याने, पुढे गात सुटली. सुतार ठोकत होता. कुणी तिच्याकडे लक्ष देत नव्हतं.

तपासनीस खिडकीकडे मान करून उभे राहिले.

"चला," बायको म्हणाली.

"थांब जरा. ती चुकतेय."

"म्हणूनच म्हणते, चला."

ते आणखी क्षणभर थांबले. मग त्यांनी मान खाली घातली आणि बायकोच्या बरोबरीने चालू लागले. पायांचा आवाज होऊ नये म्हणून आधी जपून, मग ते लक्षात आल्यावर, साधंच.